महागाई आणि मुलीचे दप्तर

(नाचणगाव येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्या संस्थेने मला बोलायला सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. तो सुचवला एका विद्यार्थ्याने. आठवड्यापूर्वी त्याने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "सर, तुमच्या लहानपणी सगळे किती स्वस्त होते! दोन रुपयांत किलोभर साखर, पंधरा पैशांत पोस्टकार्ड. तुमची तर मजाच होती ना?" मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. त्या मजेचा हिशेब मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. हे भाषण स्मरणिकेत छापून आपल्या घरी येईल तेव्हा ते एकदा आपल्या मुलींनाही वाचून दाखवावे, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो.

माझे वडील या गावात शिलाईचे काम करीत. घराच्या ओटीवर एक मशीन, एक लाकडी फळी, भिंतीला लटकवलेली मापाची फीत आणि कोनाड्यात ट्रान्झिस्टर, एवढाच दुकानाचा पसारा. नाचणगाव पुलगावला लागूनच असल्यामुळे गिऱ्हाईक सगळ्या प्रकारचे येई. कापसाचा शेतकरी येई, पुलगावच्या कापड गिरणीतला कामगार येई, रेल्वेतला माणूस येई, दारूगोळा भांडारात नोकरीला असलेला येई, शाळेतले मास्तरही येत. आर्वीला जाणारी छोटी गाडी त्या वेळी पुलगावहून सुटत असे. आज ती धावत नाही. त्या गाडीने आलेली खेड्यातली माणसेही लग्नसराईत कपडे टाकून जात. शिंप्याच्या ओटीवर बसले की कोणाच्या घरात पैसा आहे आणि कोणाच्या घरातून तो निघून गेला आहे, हे सांगावे लागत नाही. कपड्यावरून कळते.

आता त्या विद्यार्थ्याच्या स्वस्ताईकडे वळू. रेशनवरची साखर त्या काळी २ रुपये १५ पैसे किलो होती, हे खरे. ती मापून मिळे. पोस्टकार्ड १९७४ पासून १५ पैशांना झाले, हेही खरे. पण मित्रांनो, भाव एकटा पाहू नये. त्याच्या शेजारी मजुरी ठेवून पाहावा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने रोजगार हमीची कामे काढली. खडी फोडायची, बांध घालायचे, तळी खणायची. त्या कामावर दिवसाची मजुरी तीन रुपयांच्या आसपास पडे. म्हणजे दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला संध्याकाळी दीड किलो साखरही पुरती येत नव्हती. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. साखर ४५ रुपये किलो धरली तर त्याच एका दिवसाच्या मजुरीत जवळजवळ सात किलो येते. तेव्हा एका दिवसाच्या कामाची वीस पोस्टकार्डे होत, आता पन्नास पैशांच्या दराने सहाशेच्या वर होतील. मग स्वस्ताई कधी होती? तुम्ही रुपये मोजू नका, दिवस मोजा. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे.

एकच वस्तू याला उलटी निघते, आणि ती आपल्या समाजाच्या फार जिव्हाळ्याची आहे. सोने. १९७५ साली दहा ग्रॅम सोने सुमारे ५४० रुपयांना होते. तीन रुपये रोजाने ते १८० दिवसांचे काम झाले. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. ३१२ रुपये रोजाने ते ३२० दिवसांहून अधिक काम झाले. साखर कामाच्या मानाने स्वस्त झाली आणि सोने महाग झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

त्या वर्षांत झाले काय, ते थोडक्यात सांगतो. १९७२ चा दुष्काळ पडला, धान्य कमी झाले. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळू लागली, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना बायका काय बोलत ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि कच्च्या तेलाचा भाव तीन-चार महिन्यांत तिपटीच्या पुढे गेला. रॉकेल, खत, एस.टी.चे भाडे, सगळ्यांवर त्याचा परिणाम झाला. देशातील घाऊक भाव १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी चढले. म्हणजे जे शंभराला येत होते ते दोन वर्षांत दीडशेला गेले. मजुरी मात्र दीडपट झाली नाही.

१९७४ च्या मे महिन्यात, ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत, देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. पुलगाव हे मुंबई-नागपूर रस्त्यावरचे स्टेशन, तेव्हा संप म्हणजे काय ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी जुलैत सरकारने वटहुकूम काढून पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने बचतीत जमा करायला लावला. त्यात सरकारचा हेतू हा की बाजारात पैसा कमी यावा आणि भाव उतरावेत. पण ज्याचा भत्ता अडकला तो नवी पँट शिवायला टाकत नाही, जुनीच उलटवून घेतो. शेतकऱ्याच्या हातात तरी पैसा होता काय? १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीची योजना आली, तिच्यात पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. पुढचा हप्ता येईपर्यंत शिंप्याची उधारी थांबे. अशा रीतीने दिल्लीतला वटहुकूम आणि अरबस्तानातले तेल फिरत फिरत आमच्या ओटीवर आले.

आणि तिथून ते माझ्या आपाच्या दप्तरापर्यंत पोहोचले.

आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. १९७४ च्या उन्हाळ्यात ती सातवी पास झाली. मी पाचवी पास झालो. ती अभ्यासात माझ्याहून हुशार होती, हे मी आज भर सभेत कबूल करतो. आठवीसाठी तिला पुलगावच्या हायस्कुलात जावे लागणार होते. फीची फारशी अडचण नव्हती. अडचण होती वह्या-पुस्तकांची, गणवेशाची, चपलांची. त्या वर्षी कागदाची टंचाई होती आणि वह्यांचे भाव भडकले होते. हे फक्त आमच्याच घराचे रडगाणे होते असे समजू नका. १ जुलै १९७५ रोजी इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्यात विद्यार्थ्यांना पुस्तके आणि वह्या नियंत्रित भावात देण्याचे एक कलम घालावे लागले. वहीचा भाव देशाच्या पंतप्रधानांपर्यंत गेला होता.

जून महिन्यात एका रात्री अब्बांनी हिशेब केला. दोघांची पुस्तके घेणे जमत नव्हते. अम्मी काही बोलली नाही. अब्बा आपाला म्हणाले, "बेटा, थोडे दिन रुक जा. भाव उतरे की फिर भेजता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मुलीवर जीव टाकणारे होते. आपानेही हूं की चूं केले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती ओटीवर बसली आणि काजे करू लागली, तुरपाई करू लागली, बटणे लावू लागली. मी नवी पुस्तके घेऊन शाळेत गेलो.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी करमणूक तरी होती की नाही? होती, आणि भरपूर होती. उलट मला वाटते, माणसाच्या हातात पैसा कमी असला की तो गाणे अधिक ऐकतो. 'बॉबी' १९७३ चा, 'दीवार' आणि 'शोले' १९७५ चे. मुंबईत लागलेला चित्रपट आमच्याकडे उशिरा येई, पण त्याची फॅशन आधी येई. गिऱ्हाईक मापे देताना सांगे, मोहरी इतक्या इंचांची करा, कॉलर लांब ठेवा. बेलबॉटमला कापड जास्त लागते आणि कापड तर महाग. मग एखादा मुलगा जुन्या पँटीला खालून दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून मागे आणि तिला नवी फॅशन म्हणे. अब्बा ती जोडून देत. ज्याच्या घरी मिलोची भाकरी होती त्यालाही टेरीकॉट हवे होते. मी त्याला हसत नाही. तरुण माणसाला चार लोकांत बरे दिसावेसे वाटते, त्यात गैर काही नाही.

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. रेडिओला त्या काळी परवाना लागे, तो टपाल कचेरीतून काढून दरवर्षी नवा करावा लागे, म्हणून सगळ्यांच्या घरी रेडिओ नसे. आमच्या ओटीवर आठ-दहा माणसे जमत. १९७५ च्या वार्षिक गीतमालेत पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे आले, ठाऊक आहे? 'रोटी कपडा और मकान' या १९७४ च्या चित्रपटातली महागाईवरची कव्वाली. वर्मा मलिकांनी लिहिलेली, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी बसवलेली, आणि गाणाऱ्यांत लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल यांच्या जोडीला जानी बाबू कव्वाल. ज्या देशात वर्षाचे पहिले गाणे प्रेमाऐवजी पीठ-साखरेच्या भावावर असते, त्या देशात स्वस्ताई होती काय, याचे उत्तर तुम्हीच द्या.

आपा ही गीतमाला ऐकताना गाण्यांचे क्रमांक लिहून ठेवी. वही नव्हती. गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्यांची मागची कोरी बाजू ती वापरी. हातात सुई, मांडीवर सदरा आणि गुडघ्याखाली दाबलेली चिठ्ठी. मराठीही लिही, उर्दूही लिही. शाळा सुटलेल्या मुलीचे अक्षर त्या चिठ्ठ्यांवर जिवंत राहिले.

अमीन सयानी हे नाव तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांचा चेहरा उजळेल. २०२४ च्या फेब्रुवारीत ते अल्लाला प्यारे झाले. ते सभेला उद्देशून बोलताना 'भाइयो और बहनो' असे म्हणत नसत. ते 'बहनो और भाइयो' म्हणत. बहिणी आधी. हे त्यांच्या घरातच होते. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी १९४० पासून वीस वर्षे 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवले. नव्याने लिहा-वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. त्यामागे प्रेरणा गांधीजींची, आणि गांधीजी त्या वेळी राहत होते आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला. लहान अमीन आईच्या या कामात हात लावीत. पुढे करोडो लोकांना समजेल असे सोपे बोलणे त्यांना साधले, त्याचे मूळ एका मुसलमान आईच्या साक्षरतेच्या कामात आहे. आपल्या मुलींना शिकवून काय मिळणार, असे विचारणाऱ्या बंधूंनी या घराकडे पाहावे.

त्याच ट्रान्झिस्टरवर आम्ही १५ मार्च १९७५ चा हॉकीचा अंतिम सामना ऐकला. क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक घेतला. पण मला आठवतो तो उपांत्य सामना. मलेशियाविरुद्ध आपण १-२ ने मागे होतो आणि सामना संपत आला होता. राखीव म्हणून बसलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खानला शेवटी मैदानात उतरवले. त्याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि जादा वेळात आपण ३-२ ने जिंकलो. सामना संपल्यावर सगळे नाचले. आपा सुईत दोरा ओवता ओवता एवढेच म्हणाली, "उसको उतारा तो सही." मी त्या वेळी बारा वर्षांचाही नव्हतो, मला त्याचा अर्थ कळला नाही. आज कळतो. त्याला निदान बाकावरून उठवले तरी. किती मुली तशाच बसून राहिल्या!

मंडळी, आता अब्बांनी दिलेल्या शब्दाकडे येतो. भाव उतरले की पाठवतो, असे ते म्हणाले होते. भाव खरोखरच उतरले. १९७४ च्या पावसाळ्यानंतरच चढ थांबू लागला होता. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली, दुकानांपुढे भावांचे फलक लागले आणि १९७५ चा पाऊसही चांगला झाला. १९७५-७६ या वर्षात घाऊक भाव वाढले नाहीत, उलट सुमारे एक टक्क्याने खाली आले. आणीबाणीने आणखी काय काय केले, वर्तमानपत्रांवर कशी बंधने आली, किशोरकुमारची गाणी १९७६ मध्ये आकाशवाणीवरून कशी बंद झाली, नसबंदीच्या भीतीने माणसे कशी लपत फिरत, तो विषय वेगळा आहे. आजच्या विषयापुरते इतकेच की भाव उतरले.

आपा मात्र शाळेत गेली नाही. एक वर्ष गेले, दुसरे गेले. तिच्या बरोबरीच्या मुली दहावीत गेल्या होत्या. त्यांच्या मागे दोन वर्षांनी लहान मुलींत जाऊन बसायची तिला लाज वाटू लागली. ओटीवरच्या कामाला तिच्या हातांची सवय झाली होती, घराला तिच्या मिळकतीची सवय झाली होती. मग शेजारणी म्हणू लागल्या, आता काय शिकवता, आता स्थळ पाहा. भाव खाली येतात हो, मुलीचे वय खाली येत नाही. महागाई येते आणि जाते. शाळा एकदा सुटली की परत भरत नाही.

आणि आता ती सोन्याची गोष्ट. तिच्या लग्नासाठी अम्मीने थोडे सोने जपून ठेवले होते. १९७४ साली एक ग्रॅम सोने पन्नास रुपयांच्या आसपास होते. आपाचे आठवीचे वर्ष, वह्या, पुस्तके आणि गणवेश धरून, साधारण तेवढ्यात झाले असते. मी शिक्षक झाल्यावर एकदा हा हिशेब मांडून पाहिला आणि कागद फाडून टाकला. अब्बा-अम्मीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. मुलीच्या अंगावर सोने नसले तर लोक बोलतात आणि मुलीच्या हातात पुस्तक नसले तर कोणी बोलत नाही, अशा समाजात ते राहत होते. दोष द्यायचा तर तो त्या रिवाजाला द्यावा लागेल आणि तो रिवाज चालवणाऱ्या आपणा सर्वांना. शाळेत जाऊन मी नोकरीला लागलो, त्या माझ्या पगारात आपाने केलेल्या काजांचा वाटा आहे. तो मी फेडू शकलो नाही.

१९७१ च्या जनगणनेत या देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम बावीस साक्षर होत्या. २०११ पर्यंत हा आकडा पासष्टच्या घरात आला. प्रगती झाली, अल्हमदुलिल्लाह. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात असे लिहिले आहे की सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत, किंवा मधेच बाहेर पडली. दर चार मुलांत एक. १ एप्रिल २०१० पासून या वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. पण कायदा आठवीपर्यंत हात धरतो. त्याच्या पुढच्या उंबऱ्यावर आजही घरात रात्री तोच हिशेब होतो. शिकवणीची फी आहे, प्रवासाचा खर्च आहे, मोबाइलचा रिचार्ज आहे, आणि तेल-डाळीचे भाव वाढलेले आहेत. त्या हिशेबात पहिली कात्री कशाला लागते, एवढेच मला विचारायचे आहे.

कुरआन शरीफची पहिली वही उतरली तीच वाचण्याच्या हुकमाने उतरली. त्यात भाव उतरल्यावर वाचा, असे म्हटलेले नाही. मुलग्यांनीच वाचा, असेही म्हटलेले नाही.

म्हणून पालकांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, घरखर्चाची वही ठेवा आणि तिच्या पहिल्या ओळीवर मुलामुलींच्या शिक्षणाचा खर्च लिहा. जे पहिल्या ओळीवर लिहिले जाते ते सहसा कापले जात नाही. दुसरी, लग्नाच्या सोन्यातून एक ग्रॅम कमी करायला शिका. त्याने मुलीचे नाक कापले जाणार नाही. तिसरी सूचना संस्थेला आहे. आपल्याकडे एक पुस्तक पेढी सुरू करावी. पास होऊन पुढे गेलेल्या मुलांनी आपली पुस्तके, दप्तरे आणि चांगल्या स्थितीतले गणवेश जून महिन्याच्या आधी तिथे जमा करावेत. आणि ज्या मुलीची शाळा बंद पडण्याची वेळ आली असेल, तिच्या घरी संस्थेच्या दोन माणसांनी जाऊन यावे. १९७४ च्या जूनमध्ये आमच्या ओटीवर अशी दोन माणसे आली असती तर अब्बांनी त्यांचे ऐकले असते, याची मला खात्री आहे. गणवेश उसवलेला असेल तर आणा, शिंप्याचा मुलगा आहे, शिवून देईन.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी जाऊन आजी-आजोबांना जुने भाव विचारा. ते आनंदाने सांगतील. मग दुसरा प्रश्न विचारा, तेव्हा रोज किती मिळत होता? आणि तिसरा प्रश्न आजीला एकटीलाच विचारा, तुझी शाळा कितवीत सुटली? उत्तर लिहून ठेवा. तो आपल्या गावाचा खरा इतिहास आहे.

आपा आज नानी झाली आहे. वर्तमानपत्र रोज वाचते, आधी मथळे आणि मग बाजारभाव. यंदा तिची नात आठवीत गेली. पुस्तके आणायला आपा स्वतः गेली होती.

बहनो और भाइयो, मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.